पेरिहानताईची दवंडी

आमच्या तुर्कस्तानातल्या सारीकुयू तालुक्यात एके काळी सव्वीस भोंगे होते आणि त्या सव्वीसच्या सव्वीस खांबांवर मी चढलेलो आहे. मी ताहसिन, नगरपालिकेचा वायरमन. पेरिहानताई माईकपाशी बसायची आणि तिचा आवाज गावोगाव पोचवायचं काम माझं. सत्तावीस वर्षं आम्ही हे केलं. तेव्हा तिच्याबद्दल मी चार गोष्टी सांगितल्या तर कुणाची हरकत नसावी.

पेरिहानताईचं घराणं दवंडीवाल्यांचं. तिचे आजोबा वेयसेल गळ्यात ढोल अडकवून बाजारात उभे राहिले की नदीपलीकडच्या मळ्यातली माणसं खुरपं खाली ठेवायची, असं म्हणतात. सुलतानाचे शेवटचे हुकूम त्यांनी पुकारले, लढाईच्या बातम्या पुकारल्या, आणि सुलतान जाऊन प्रजासत्ताक आलं तेही त्यांनीच पुकारलं. एकोणीसशे चौतीस साली सरकारने सगळ्यांना आडनाव घ्यायला लावलं. कचेरीतल्या कारकुनाने विचारलं, "नाव?" आजोबांनी सवयीप्रमाणे नाव सांगितलं. कारकुनाच्या हातातली दौत वहीवर सांडली. त्याने वही पुसली, आणि काही न विचारता पुढे लिहिलं, 'तोकसेस'. म्हणजे भरदार आवाजाचा.

आजोबांनंतर ढोल ताईच्या वडिलांकडे, सित्कीकाकांकडे आला. पण चाळिशी उलटल्यावर त्यांचा घसा बसला तो बसलाच. शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं, जोरात बोलायचं नाही. त्याच सुमारास, पासष्ट साली, नगरपालिकेने माईक आणि चार भोंगे आणले. उद्घाटनाला सित्कीकाकांना मानाची खुर्ची दिली होती. काकांना बोलता येत नव्हतं, म्हणून त्यांच्यातर्फे दोन शब्द बोलायला एकोणीस वर्षांची पेरिहान सोबत आली होती.

माईकवर बसायची नोकरी तेव्हाच्या नगराध्यक्षांनी आपल्या भाच्याला द्यायचं ठरवलं होतं. भाचा सुटाबुटात आला, माईकसमोर बसला, आणि घामाघूम झाला. चारही भोंग्यांतून गावाला नुसता त्याचा श्वास ऐकू येत होता. बाजारातल्या बायका म्हणायला लागल्या, "अगं बाई, दमा आहे वाटतं कुणाला." शेवटी पेरिहानने त्याच्या हातातला कागद काढून घेतला आणि वाचलं, "न्हावी हाक्की यांची काळी म्हैस हरवली आहे. डावं शिंग मोडलेलं. दिसल्यास दुकानी आणून द्यावी."

अर्ध्या तासात म्हैस न्हाव्याच्या दुकानापुढे उभी.

नोकरी पेरिहानला मिळाली. पण तरण्या मुलीचा आवाज असा घराघरांत जाणं बरं दिसतं का, यावर चहाच्या दुकानात दोन दिवस खल चालला. तो मिटवला आमच्या इमामसाहेबांनी. म्हणाले, "मी रोज पाच वेळा हाक मारतो, तरी निम्मे येत नाही तुम्ही. तिने एकदा हाक मारली, म्हैस आली. गप्प बसा."

मग तिच्यासाठी मागण्या यायला लागल्या. कुणी ट्रकवाला, कुणी तारमास्तर. सगळे आवाजावर भाळलेले. तिने सगळ्यांना नकार दिला आणि लग्न केलं ते पाणचक्कीवाल्या नेझीहशी. जात्याच्या घरघरीत बालपण गेल्यामुळे तो दोन्ही कानांनी अर्धा बहिरा. तिला विचारलं तर म्हणायची, "दिवसभर मी बोलते आणि सगळा तालुका ऐकतो. घरी गेल्यावर तरी कुणी ऐकायला नको."

मी एकाहत्तर साली कामाला लागलो. तोवर भोंगे गावोगाव पोचले होते. पाणी किती वाजता येणार, कुणाच्या घरी मयत झालं, डॉक्टर कोणत्या वारी येणार, जर्दाळूंवर कीड पडलीय तेव्हा फवारणी करा, सगळं पेरिहानताईच्या तोंडून. ऐंशी साली लष्कराने राज्य हाती घेतलं तेव्हा वर्षभर भोंग्यातून नुसते हुकूमच हुकूम आले. हे वाचू नका, ते करू नका, इतके वाजल्यावर बाहेर पडू नका. ते वाचतानाही तिचा आवाज तोच. लोक म्हणायचे, "हुकूम कसलाही असू दे, पेरिहानने सांगितला की निदान शिव्या दिल्यासारखा वाटत नाही."

आता मला सांगायचंय ते चौऱ्याऐंशी सालचं.

त्या वर्षी आमच्याकडे नवा कायमाकाम आला. कायमाकाम म्हणजे सरकारने नेमलेला तालुक्याचा मुख्य अधिकारी. नाव हाल्दुन बेय, म्हणजे हाल्दुनसाहेब, वय अठ्ठावीस, माणूस इझमीरचा, समुद्र पाहत वाढलेला. आमच्याकडे समुद्र नाही, धूळ आहे. पण पोरगा मनाचा चांगला. आल्या आल्या त्याने ठरवलं की ऑक्टोबरात प्रजासत्ताक दिनाच्या आधी सहा दिवस रोज संध्याकाळी पाच वाजता भोंग्यावरून तालुक्याचा इतिहास सांगायचा. त्याने स्वतः ग्रंथालयांत बसून बारा पानं लिहिली होती. प्रत्येक ओळीत एक तारीख.

पहिल्या दिवशी ताईने वाचायला सुरुवात केली. "इसवी सनापूर्वी बाराव्या शतकात हित्ती सत्तेच्या अस्तानंतर सदर प्रदेश फ्रिजियन अंमलाखाली आला. तदनंतर सदर प्रदेश पर्शियन अंमलाखाली आला. तदनंतर..."

तदनंतर लोकांनी खिडक्या लावून घेतल्या. खालच्या बाजारातला भोंगा मध्येच बंद पडला म्हणून मी शिडी घेऊन धावलो. वर चढून पाहतो तर भोंग्याच्या तोंडात कुणीतरी अख्खी रजई कोंबलेली. खाली कल्हईवाला हिकमेत भांडं घासत बसला होता, मान वर न करता.

"हिकमेत, ही रजई तुझी का?"

"माझी कशाला असेल?"

"मग मी घेऊन जातो."

"ठेव खाली," तो म्हणाला. "तिथे थंडी होती म्हणून घातली. ते रोमन लोक यायचे होते अजून, त्यांना गारठा बाधला असता."

ही गोष्ट हाल्दुन बेयच्या कानावर गेली. दुसऱ्या दिवशी तो माईकच्या खोलीत आला, तेव्हा मी तिथेच तारा तपासत होतो. बिचाऱ्याचं तोंड उतरलं होतं.

"ताई, इथल्या लोकांना आपला इतिहास नकोच आहे का?"

"हवाय की," ताई म्हणाली. "पण साहेब, राग मानू नका, तुमच्या कागदात नुसते राजे येतात आणि जातात. बसच्या स्टँडवर आल्यासारखे. ते येत होते तेव्हा आम्ही काय करत होतो?"

"ते पुस्तकांत नसतं."

"माझ्या आजोबांकडे होतं. त्यांना त्यांच्या आजोबांनी सांगितलेलं. खरं किती, खोटं किती, देव जाणे."

हाल्दुन बेयने डोकं खाजवलं. "बरं. तारखा माझ्या वाचा. मधल्या जागेत तुमचं सांगा."

त्या संध्याकाळी ताईने रोमनांचा पूल घेतला. एक तारीख वाचली, कागद बाजूला ठेवला आणि म्हणाली, "तर मंडळी, पूल बांधायला आपल्याच माणसांना जुंपलं होतं, आणि जेवायला रोज मसूर. पुलाच्या तिसऱ्या कमानीखाली एका दगडावर मसुरीचा दाणा कोरलाय. खोटं वाटत असेल तर बघून या. मग सेल्जुक आले. त्यांना व्यापाऱ्यांसाठी सराई बांधायची होती. त्यांनी पुलाचा कठडा उचलला. मग ऑटोमन आले, त्यांनी सराईची भिंत काढून हमाम बांधला. आणि हमाम पडल्यावर आपल्या सरकारने त्याच दगडांची शाळा बांधली. म्हणजे तुमची पोरं शाळेत भिंतीला टेकून झोपा काढतात ना, ती रोमनांच्या पुलाला टेकून झोपतात."

खिडक्या उघडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पुलाखाली ही गर्दी, सगळे वाकून मसुरीचा दाणा शोधतायत. दाणा सापडला. निदान चौघांना चार वेगवेगळ्या दगडांवर सापडला आणि त्यावरून दुपारपर्यंत भांडण झालं. हाल्दुन बेय खिडकीतून पाहत होता. इतका खूश मी त्याला तोवर कधी पाहिला नव्हता.

तिसऱ्या दिवशी घोटाळा झाला, आणि त्यात अर्धा दोष माझा आहे.

त्या दिवशी विषय होता सेल्जुकांनंतरचा काळ. मोठं राज्य मोडलं आणि दर डोंगरावर एक छोटा सरदार राजा होऊन बसला, तो. आपल्याकडेही एक बसला होता. ताईने आधी सगळं नीट सांगितलं, की हे सहाशे वर्षांपूर्वीचं आहे, त्या सरदाराने गादीवर बसल्या बसल्या मेंढ्यांचा कर कसा बसवला, आणि तेव्हाचा दवंडीवाला चौकात उभा राहून कसा ओरडला असेल. मग तिने खुर्ची मागे सरकवली, उभी राहिली, आणि थेट आजोबांच्या थाटात आवाज लावला.

"ऐका हो ऐका! दर दहा घरांमागे एक मेंढी! उद्या दुपारच्या आत कचेरीपुढे आणून बांधावी! जो आणणार नाही त्याचं काय होईल ते त्याने आपल्या बापाला विचारावं!"

माझ्या अंगावर काटा आला. काय आवाज होता!

वरच्या डोंगरात चाताक नावाचं गाव आहे. तिथल्या भोंग्याची तार आठवडाभर सैल होती. उद्या जातो, परवा जातो, करत मी गेलो नव्हतो. त्यामुळे चाताकच्या लोकांना इतिहास ऐकू आला नाही, नुसती खरखर ऐकू आली. ताईने आवाज चढवला तेवढाच भाग मात्र स्पष्ट पोचला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीपुढच्या झेंड्याच्या खांबाला चार मेंढ्या आणि तीन शेळ्या बांधलेल्या होत्या. शेजारी चाताकचा म्हातारा दुरमुशकाका आणि त्याच्याबरोबर पाच-सहा माणसं, टोप्या हातात घेऊन. हाल्दुन बेय गाडीतून उतरला आणि जागीच थांबला.

"काका, हे काय?"

"मेंढ्या, साहेब."

"ते दिसतंय मला. इथे कशाला आणल्या?"

"हुकूम झाला ना काल. चाताक सत्तर घरांचं आहे. सात जनावरं. मेंढ्या कमी पडल्या म्हणून शेळ्या आणल्यात. शेळ्या चालतात का, ते काही भोंग्यात सांगितलं नाही."

"अहो काका, तो हुकूम सहाशे वर्षांपूर्वीचा होता!"

दुरमुशकाकाने टोपी दोन्ही हातांनी पिळली. थोडा विचार केला आणि दबकत विचारलं, "मग... उशिरा आणल्याबद्दल दंड किती?"

हाल्दुन बेय कचेरीच्या पायरीवर खाली बसला. आधी मला वाटलं त्याला भोवळ आली. पण तो हसत होता. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, चष्मा काढून पुसावा लागला. नंतर एकदम गंभीर होऊन त्याने विचारलं, "पण कोणाचा हुकूम, कशासाठी, हे तुम्ही विचारायचं नाही का?"

"विचारलं असतं तर मेंढी वाचली असती का, साहेब? आवाज पेरिहानचा होता. पेरिहानने कधी खोटं सांगितलेलं नाही आम्हाला."

एवढ्यात नगराध्यक्ष रेशात बेय धावत आले. शेळीने त्यांच्या बुटावर पाय दिला होता की काय कोण जाणे, पण त्यांचा पारा चढलेलाच होता. गलका ऐकून पेरिहानताई बाहेर आली होती, तिला तिथेच, सगळ्यांदेखत म्हणाले, "सरकारच्या नावावर मेंढ्या वसूल करतेस? आजपासून माईकला हात लावायचा नाही!"

ताई पांढरीफटक पडली. मी पुढे होऊन सांगितलं की तार सैल होती, चूक माझी आहे. रेशात बेय म्हणाले, "तुझं नंतर बघतो."

तेव्हा हाल्दुन बेय उठला. "तिघंही चला माझ्याबरोबर," तो म्हणाला. "ही जनावरं मी स्वतः परत पोचवणार आहे." तिघं म्हणजे ताई, मी आणि दुरमुशकाका. जीपमध्ये शेळ्या काही चढेनात, तेव्हा नऊ किलोमीटर चढ आम्ही पायी गेलो. साहेब शहरी बुटांत. पुढे मेंढ्या, मागे सरकार. वाटेत ताई मागे राहणाऱ्या शेळीला हाकत चालली. शेवटच्या चढावर मला म्हणाली, "ताहसिन, वीस वर्षांत पहिल्यांदा माझ्यामुळे कुणीतरी घाबरलं रे."

चाताकमध्ये आम्हाला येताना पाहून बायकांनी तोंडावर ओढण्या घेतल्या. त्यांना वाटलं, जनावरं कमी पडली म्हणून साहेब उरलेली न्यायला आलाय. ताई गावाच्या चौकात उभी राहिली, माईक नाही, भोंगा नाही, आणि म्हणाली, "माझं चुकलं. कसला हुकूम नाही, कसला कर नाही. जनावरं मोजून घ्या आणि मला माफ करा."

मग दुरमुशकाकाची बायको, सेवदिये काकू, पुढे आली. तिने आपली मेंढी कानाला धरून नीट पाहून घेतली आणि साहेबाकडे वळली. "बाळा," ती म्हणाली, कायमाकामला बाळा, "मेंढ्या न्यायला या डोंगरावर सगळे येऊन गेले. परत द्यायला आलेला तू पहिलाच. आत ये, पायाला फोड आलेत तुझ्या."

मग काय विचारता. ताक आलं, चुलीवरच्या चीज भरलेल्या पोळ्या आल्या, दलियाचा भात आला. कुणी पत्र्याच्या डब्यातून जुना कागद काढून आणला, त्यावर कुठल्याशा सुलतानाचा शिक्का. कुणी साहेबाला खुराड्याकडे नेऊन दाखवलं, कोंबड्या पाणी प्यायच्या ती दगडी कुंडी म्हणजे ग्रीक अक्षरं कोरलेला थडग्याचा दगड होता. सेवदिये काकूने तिच्या कितव्या तरी पिढीतल्या खापरपणजीची गोष्ट सांगितली, तिने मंगोल शिपायांना बुरशी आलेलं चीज खाऊ घालून गाव कसं वाचवलं त्याची. हाल्दुन बेय वही भरत राहिला. मी तेवढ्यात खांबावर चढून तार घट्ट केली. कधी नव्हे इतकी घट्ट.

त्या संध्याकाळी बंदी होतीच, म्हणून इतिहास स्वतः रेशात बेयनी वाचला. वीस मिनिटं. वाचून बाहेर आले तर नगरपालिकेपुढे माणसं जमलेली. हिकमेत कल्हईवाला सर्वांत पुढे.

"काय पाहिजे?" रेशात बेय म्हणाले.

"पेरिहान पाहिजे," हिकमेत म्हणाला. "नाहीतर निदान तुम्ही मेंढ्या तरी मागा. म्हणजे जाग राहील आम्हाला."

हशा इतका मोठा झाला की रेशात बेयनाही आवरेना. ते माणूस वाईट नव्हते, शेळीने पाय दिला होता इतकंच. बंदी तिथल्या तिथे उठली.

पाचव्या दिवशी ताईने चाताकमधल्या गोष्टी सांगितल्या, सेवदिये काकूच्या नावासकट. सहावा दिवस शेवटचा. त्या दिवसाच्या पानावर एक छोटी ओळ होती, 'एकोणीसशे चोवीस साली लोकसंख्येची अदलाबदल झाली.' ताईने त्या ओळीवर बोट ठेवलं. "साहेब, ही एवढीच?"

हाल्दुन बेयने ते पान तिच्याकडे सरकवलं. म्हणाला, "तुम्हाला वाटेल तेवढी."

आमच्या वरच्या आळीत पूर्वी ग्रीक राहायचे. ग्रीक म्हणजे ख्रिस्ती, चर्चमध्ये जाणारे, पण बोलायचे आपल्यासारखीच तुर्की. दोन सरकारांनी करार केला, ते तिकडे गेले आणि तिकडचे मुसलमान इकडे आले. ताई सांगत होती. "माझ्या आजोबांनीच ती दवंडी दिली. वरच्या आळीत त्यांचा जिवलग दोस्त होता, पावलाकी बेकरीवाला. त्याच्या दारापुढे आल्यावर आजोबांचा आवाज फुटेना. तेव्हा पावलाकीच म्हणाला, वेयसेल, ओरड बाबा, तुझं काम आहे ते, आणि आतून पाणी आणून दिलं. ते गेले. महिन्याभराने त्याच घरांत नवी माणसं आली. ती आपल्या धर्माची, पण त्यांना तुर्की येत नव्हती, ती ग्रीक बोलायची! आजोबांनी ढोल वाजवून सांगितलं की गाढवं, घोडे तपासणीला आणा. कुणाला एक शब्द कळेना. तेव्हा आजोबांनी ढोल खाली ठेवला, हात कानांसारखे वर धरले, आणि भर आळीत गाढवासारखे ओरडले."

खोलीचं दार वाजलं. वरच्या आळीतली झुल्फिये आजी आत आली, सत्तरीची, जिना चढून दमलेली. तिचं घर नगरपालिकेच्या अगदी मागे. ताई माईक बंद करायला गेली तर आजीने तिचा हात धरला.

"मी नऊ वर्षांची होते, पोरी," ती म्हणाली, आणि ते सव्वीसही भोंग्यांतून गेलं. "बोटीत माझा भाऊ वारला होता. इथे आलो तर आई रडायची, घर परकं, चुलीतली राखसुद्धा दुसऱ्यांची. आणि हा एक मोठा माणूस येऊन गाढवासारखा ओरडला. मी हसले. आई पण हसली. तेव्हा मला वाटलं, राहता येईल इथे."

ताईने मनगटाने डोळे पुसले. हाल्दुन बेय आणि मी भिंतीकडे बघत उभे. शेवटी आजीच म्हणाली, "रडतेस काय, ते गाढव करून दाखव की. तुझ्या आजोबांसारखं जमतं का बघू."

आणि पेरिहानताईने दाखवलं. प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी आमच्या अख्ख्या तालुक्यात एक गाढव ओरडलं, आणि गावोगावच्या खऱ्या गाढवांनी त्याला उत्तर दिलं. ती ओरड बराच वेळ डोंगरातून फिरत होती.

हाल्दुन बेयची दोन वर्षांनी बदली झाली. जाण्याआधी त्याने ती बारा पानं टाकून दिली आणि गावागावांतल्या गोष्टींचं पुस्तक छापून घेतलं. दोनशे प्रती. एकही विकावी लागली नाही, लोकांनी मागून नेल्या. ताई अठ्ठ्याण्णव साली निवृत्त झाली. पुढे भोंगेही गेले, आता सूचना फोनवर येतात आणि त्या कुणी वाचत नाही.

ताई आणि नेझीह चक्कीच्या घरातच राहतात. चक्की बंद आहे, पण ओढ्याकाठी त्यांनी बिहीची, म्हणजे सफरचंदासारख्या पिवळ्या आंबट फळांची, चाळीस झाडं लावलीत. गेल्या आठवड्यात मी त्यांचा पाण्याचा पंप दुरुस्त करायला गेलो होतो. ताई झाडाखाली बसून बिही सोलत होती, मुरंब्यासाठी. एकोणऐंशी वर्षांची बाई, चष्मा नाही, चाकू सरसर चालतोय.

"पंप चालू झाला का रे?" तिने विचारलं.

"झाला, ताई."

"मग उभा काय राहिलास? ये, बस. अजून अर्धी टोपली बाकी आहे."